माझं इंजिन आणि साळूमावशीची होडी

साळूमावशीला पोहता येत नव्हतं. धरणाच्या पाण्यावर अठरा वर्षं होडी चालवलेली बाई, आणि पाणी कमरेच्या वर आलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. कुणी त्यावरून चिडवलं की ती म्हणायची, "पोहता आलं म्हंजे माणूस होडी सोडून पळायचं पाहतो. मला होडी सोडायचीच नाय, मग पोहू कशाला?"

आमची वस्ती गंगापूर धरणाच्या आतल्या काठाला. तीस-पस्तीस घरं, सगळी शेवंती, झेंडू आणि थोडाफार गुलाब लावणारी. सडकेनं नाशिक गाठायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा, आणि त्यातली निम्मी सडक कागदावरचीच. होडीनं पाऊण तासात पलीकडं उतरलं की डांबरी रस्ता, आणि फुलबाजाराला जाणारी गाडी उभी. म्हणून आमची फुलं आधी पाण्यावरून जायची, मग रस्त्यावरून.

मावशी मूळची पेठकडची, डोंगरातली. लग्न होऊन आली तेव्हा धरण नव्हतं, नदी होती आणि नदीकाठी आमचं जुनं गाव होतं. त्या गावात ती दोन वर्षं नांदली. मग पाणी चढलं, गाव वर सरकलं आणि तिच्या सासरचं शेत खाली राहिलं. नवरा फकिरा. शेत गेल्यावर त्यानं हाय खाल्ली नाही, आंब्याच्या फळ्या आणून होडी बांधली. एक्याण्णव साली तो वारला. तेराव्याचं जेवण झालं आणि चौदाव्या दिवशी मावशी वल्हं घेऊन काठावर हजर. बाईच्या होडीत बसायचं कुणी, म्हणून पहिले दोन दिवस लोक नुसतेच उभे राहिले. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या थोरल्या पुंजाबाबांनी आपलं वासरू चढवलं आणि मागोमाग स्वतः चढले. वासरू कोरडं पलीकडं गेलं, तेव्हा आमच्या लोकांना धीर आला. माणसांपेक्षा वासरावर विश्वास ठेवणारे लोक आम्ही.

होडी सरळ पलीकडं जात नसे. मधोमध वारा असतो, आणि थंडीत धुकं. आमच्याकडं त्याला धुई म्हणतात. मार्गशीर्षात ती अशी उतरते की वल्ह्याचं दुसरं टोक दिसत नाही. म्हणून मावशी काठ धरून जायची, आणि पाणी अरुंद होतं तिथंच काठ सोडून पलीकडं वळायची. धुईत दिसायचं काही नाही, पण तिला ऐकू यायचं सगळं. अमक्याचा कोंबडा, तमक्याच्या गोठ्यातली घंटा, वडाखालच्या देवळात सकाळी कुणी ना कुणी वाजवायचंच ती झांज. आणि शेवटी शेताला पाणी उपसणारं माझं डिझेलचं इंजिन. ते डाव्या हाताला आलं की वीस वल्ही मोजायची आणि काठ सोडायचा, कारण त्याच्या पुढं पाण्याखाली जुन्या गावाची मोटेची विहीर होती. पाणी उतरलं की त्या विहिरीचं दगडी थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओतायचे ती जागा, पाण्याच्या अगदी हातभर खाली यायचं. विहीर कुणाची म्हणाल, तर माझ्याच आजोबांची.

माझं इंजिन साऱ्या धरणावर प्रसिद्ध होतं. त्याच्या धुराड्याला चीर गेली होती, त्यामुळं ते तीनदा साधं बोलायचं आणि चौथ्यांदा खोकायचं. बायको, मनीषा, दर वर्षी म्हणायची की नवीन धुराडं बसवा. मी दर वर्षी हो म्हणायचो.

आता या धरणाच्या काठाची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाणी उतरत गेलं की इंजिन पाण्यामागं खाली न्यावं लागतं. आज इथं, महिन्यानं शंभर पावलं पुढं. आणि पुंजाबाबांच्या तरुणपणापासून नियम असा, की इंजिन हललं की पहिला सांगावा होडीला, मग घरच्यांना. नुसतं सांगून भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी होडीत पुढं बसून नवी जागा दाखवायची, मावशी त्या आवाजावरून नवा हिशेब बांधायची, आणि मग कामाला लागायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडलंही कुणी नव्हतं. होडीत पुढं बसायचा तो मान माझा.

दोन हजार दोनचं साल. पाऊस ओढ देऊन गेला होता आणि दिवाळीलाच पाणी उतरायला लागलं होतं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार जवळ आला. घरोघरी त्या गुरुवारी पूजा असते, वेण्या आणि हार लागतात, त्यामुळं बुधवारी पहाटेचा माल हा आमच्या थंडीतला मोठा माल. त्याच्या आदल्या सोमवारी संध्याकाळी मी बैल जुंपून इंजिन दीडशे पावलं पुढं नेलं. ते आता जवळजवळ विहिरीच्या समोरच आलं.

मावशीला सांगायला गेलो नाही. विसरलो, असं मी मनाला बरेच दिवस सांगत होतो. खरं असं की आठ दिवसांपूर्वी तिनं मला चार लोकांत झापलं होतं. माझ्या पाट्या ओल्या असतात, वर दिसायला हलक्या आणि खाली जड, त्यानं होडी एका अंगाला कलते, असं ती म्हणाली. बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. सोमवारी संध्याकाळी तिच्या घरावरून मी दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा मनात म्हणालो, सकाळी सांगू.

मंगळवारी सकाळी धुई पडली होती. पिकाला थंडी लागू नये म्हणून मनीषानं पहाटेच इंजिन लावून शेवंतीला पाणी सोडलं होतं. मी दोन पाट्या घेऊन होडीत बसलो, मागं पुंजाबाबा त्यांच्या झेंडूसकट, आणि आणखी दोन बाया. मावशी नेहमीसारखी उभी राहून वल्हं मारत होती. कोंबडा गेला, घंटा गेली, झांज गेली. समोरून माझं इंजिन खोकायला लागलं.

आता वळायला पाहिजे होतं. मला ते कळत होतं. काठ डाव्या अंगाला सरकत होता, इंजिन अजून पुढंच होतं आणि मावशी ते डाव्या हाताला यायची वाट पाहत होती. एक शब्द पुरला असता. तिला कळेलच, इतक्या वर्षांची माहितगार बाई, असं म्हणत मी तोंडात आलेला शब्द गिळला, आणि तेवढ्यात होडी खालून धडकली.

थारोळ्यावर बसली होती. दोन पाट्या पाण्यात गेल्या, बाया देवाचं नाव घ्यायला लागल्या आणि तळाच्या दोन फळ्यांमधून पाणी वर आलं. मावशीनं आरडाओरडा केला नाही. कंबरेचं पोतं सोडून तिनं त्या फटीत कोंबलं, त्यावर पाय दाबून उभी राहिली, आम्हाला दुसऱ्या अंगाला बसायला सांगितलं आणि बांबूनं रेटून होडी दगडावरून सोडवली. पोहता न येणारी ती बाई पिंडरीभर पाण्यात उभी राहून आम्हाला काठाला घेऊन आली. काठावर उतरल्यावर मात्र तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले.

पुंजाबाबांचा झेंडू भिजून गेला होता. पण बाबा झेंडूचं बोलले नाहीत. काठावर माणसं जमली, आणि जे कुणाच्या तरी तोंडून निघणारच होतं ते निघालं. मावशीचं वय झालं. कान गेले. धुईत आता तिचा भरवसा नाही. आमच्या वस्तीतल्या झुंबरनं नुकताच जुना टेम्पो घेतला होता. उद्याचा माल सडकेनं नेऊ, वळसा पडला तर पडू दे, असं तो म्हणाला. तो लबाडीनं नाही बोलला, सरळ माणूस आहे. पण एकदा टेम्पोची सवय झाली की होडी उलटी पडते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात, हे काठावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशी म्हणाली, संध्याकाळपर्यंत होडी पाण्यावर ठेवते, कोरडी. उद्याचा माल मला द्या.

पुंजाबाबा म्हातारे आणि भले माणूस. त्यांना बोलताना जड गेलं. "होडी होईल गं नीट, साळू. पण होडी चुकली नव्हती."

मावशीनं मान खाली घातली. तिला चुकल्याचं कारणच सापडत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि कारण तिच्यापासून चार हातांवर, ओल्या धोतरात उभं होतं. उद्याच्या मालाचं काय करायचं ते पहाटे काठावर ठरवू, असं म्हणून लोक पांगले. मी बोललो ते एवढंच, की मावशी, मी हाताखाली येतो.

होडीची डागडुजी मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिली. ओंडक्यांवरून सरकवत आम्ही ती वर घेतली आणि पालथी घातली. तिनं आधी खापरीनं तळाचं शेवाळ खरवडलं, मग बोटांनी एकेक सांधा चाचपला. एका जागी फट पडली होती, पण तिनं सगळे सांधे पाहिले. मी म्हणालो, एवढंच तर बुजवायचंय. ती म्हणाली, एक दात दुखतो म्हणून वैद्य एकच दात पाहतो का?

गोवऱ्यांची धग देऊन तिनं फट सुकवली. सुताच्या वाती वळायला मला बसवलं. माझ्या वाती जाड झाल्या, त्या तिनं मुकाट्यानं सोडवून पुन्हा वळल्या. वाती फटीत ठोकायच्या, त्या अशा की हातोडीचा आवाज बदलला पाहिजे. पोकळ वाजतंय तोवर ठोकायचं, भरीव वाजलं की थांबायचं. तुपाच्या जुन्या डब्यात राळ आणि करंजाचं तेल उकळत होतं, ते गरम गरम वर ओतलं आणि सगळ्यावर डांबराचा हात फिरवला. डोळे मिटून ती हातोडीचा आवाज ऐकायची आणि मान हलवायची. या बाईचे कान गेलेत असं आम्ही सकाळी म्हणालो होतो.

दुपारी धुई कधीच विरली होती, ऊन पडलं होतं. डांबर धरल्यावर आम्ही होडी पाण्यात सोडली. सुरुवातीला थोडं झिरपलं. ती म्हणाली, लाकडाला पाणी पिऊ दे, फुगलं की आपोआप तोंड मिटंल. आणि तसंच झालं. मग ती मला म्हणाली, चल, काठानं एक फेरी मारून येऊ.

असा दिवस मी नंतर पुष्कळदा आठवला. पाणी स्वच्छ होतं, आणि ती बांबूनं खाली दाखवत चालली होती. इथं गावाची वेस. इथं चतुराबाईचं घर, तिनं मला पहिल्या दिवाळीला करंज्या दिल्या होत्या. इथून मी डोक्यावर हंडा घेऊन चढायचे. दु:खानं नव्हे, शेजारघर दाखवावं तशी ती सांगत होती. मला माझं गाव पहिल्यांदा कळलं, तेही पाण्याच्या वर बसून.

थारोळ्यापाशी तिनं होडी थांबवली आणि बांबू खाली टाकून पाणी मापलं. "तुझ्या आजोबांची मोट लय मोठी व्हती," ती म्हणाली. तेवढ्यात काठावर मनीषानं इंजिन लावलं. तीनदा साधं, चौथ्यांदा खोकला. मावशीनं मान वळवली. आवाज अगदी समोरून, अगदी जवळून येत होता. तिनं आवाजाकडं पाहिलं, मग मागं, जिथं इंजिन असायला हवं होतं त्या रिकाम्या काठाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

मी बोलावं म्हणून एवढी सोपी वेळ परत मिळणार नव्हती. पण मी पाण्यात हात घालून उगाच बोटं धूत बसलो. तिनं वल्हं उचललं आणि होडी परत फिरवली.

घरी मनीषानं ताट वाढलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मी का होडी चालवते?" एवढं बोलून ती पाणी आणायला उठली. मला जेवण गेलं नाही.

बुधवारी पहाटे धुई मंगळवारपेक्षा दाट होती. काठावर सगळ्यांच्या पाट्या मांडलेल्या, एका बाजूला झुंबरचा टेम्पो दिवे लावून उभा, दुसऱ्या बाजूला होडी. आत मावशी वल्हं आडवं धरून बसलेली. होडीचा तळ कोरडा ठणठणीत होता. दोघातिघांनी हात घालून पाहिला, मान डोलावली आणि पाट्या टेम्पोकडं न्यायला उचलल्या. मावशीनं कुणाला थांबवलं नाही. ती एका बाजूला सरकून दोर आवरायला लागली, जणू कुणी नुकतंच उतरून गेलंय.

तो दोर आवरणं मला पाहवलं नाही. लाजेनं माणूस मरत नाही, पण ती पहाट मला तशीच वाटत होती. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मावशी नाय चुकली. मी सोमवारी इंजिन हलवलं, अन् तिला सांगितलं नाय. होडीत बसलो होतो, तरी बोललो नाय."

पुंजाबाबा माझ्यापाशी आले. मला वाटलं, हात उगारतील. त्यांनी कधी नव्हे ते मला अहो-जाहो केलं. "निवृत्तीराव, तुमचा बाप इंजिन हललं की रातोरात पळत येत व्हता." मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ते वळले आणि आपल्या पाट्या होडीत ठेवल्या. एकटेच. बाकीचे अजून उभेच होते, धुईकडं बघत. तेव्हा मावशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "उभा काय राह्यला? जा, इंजिन लाव. मला आवाज पाह्यजे."

मी धावलो. काठाकाठानं, ढेकळांत पडत. थंडीनं इंजिन गारठलं होतं. पहिलं हँडल मारलं, काही नाही. दुसरं मारलं, तसंच. तिसऱ्याला हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मनगटामुळं नव्हतं. चौथ्याला ते बोललं. तीनदा साधं, मग खोकला.

धुईत मला काही दिसत नव्हतं. मी तिथं उभा राहून ऐकत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की मावशी रोज काय करते. बऱ्याच वेळानं वल्ह्याचा आवाज आला. जवळ आला. आणि माझ्या पुष्कळ अलीकडंच, विहीर चांगली शंभर-दीडशे पावलं दूर असताना, वळला. वळताना तिनं होडीच्या अंगावर वल्हं दोनदा आपटलं. ते माझ्यासाठी होतं.

सगळ्यांच्या पाट्या त्या होडीत होत्या, हे मला झुंबरकडून कळलं. रिकामा टेम्पो घेऊन तोच मला सांगायला आला होता.

दुपारी मावशी परत आली. मी काठावर थांबलो होतो. विचारलं, कालच कळलं होतं, तर लोकांना का नाही सांगितलं? ती दोर बांधत म्हणाली, "मी सांगितलं असतं तर लोक म्हणले असते, म्हातारी चुकली अन् दुसऱ्याच्या गळ्यात घालू राह्यली. ते तुझ्याच तोंडून यायला पाह्यजे होतं." मग माझ्या सुजलेल्या मनगटाकडं पाहून म्हणाली, "येईल हे माहीत व्हतं. तुझ्या इंजिनासारखाच हायस तू, चार हँडल मारल्याशिवाय बोलत नाय."

ती पुढं आणखी सात वर्षं होडी चालवत होती. दर मार्गशीर्षात मी एक दिवस वाती वळायला जायचो. पुढं पुढं ती माझ्या वाती सोडवायची बंद झाली, यापेक्षा मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही.

दोन हजार सहाला आमच्याकडं विजेची मोटार आली. बटण दाबलं की चालू, आणि आवाज असा की शेजारी उभ्या माणसालाही कळू नये. जुनं इंजिन भंगारात न्यायला माणूस आला होता, मी त्याला परत पाठवलं. मोटार पाण्यामागं सरकत राहिली. इंजिन मात्र मी एका जागी दगडी ओटा बांधून त्यावर कायमचं बसवलं. धुई पडली की पहाटे उठायचो आणि हँडल मारायचो. पाण्याचा एक थेंबही ते उचलत नसे. मनीषा म्हणायची, डिझेल काय फुकट येतं? मग तीच माझ्या हातात कंदील द्यायची.

धुराडं मी अजून बदललेलं नाही.